ओ कुणी द्यायची

११ फेब्रुवारी, मंगळवार
मालन आजही कामाला उशिरा. आजचं कारण: बस भरून आली, थांबलीच नाही. काल गॅस संपला होता. परवा जावेच्या दारात साप निघाला होता. साप केवढा ते हात पसरून दाखवताना कट्ट्यावरची बरणी खाली. मोरांब्याचं काही नाही, बरणी गेली. सासूबाईंच्या वेळची होती. बोलले चार शब्द. ती म्हणाली, "काकू, फुटतंय ते फुटतंयच की."

ती येईपर्यंत ह्यांचं सकाळचं सगळं मी एकटीनं केलं. उजवी बाजू पूर्ण गेलेली, वळवायचं म्हणजे माझ्या कमरेचं काम. दिवाळीत लकव्याचा अ‍ॅटॅक आला तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. नुसतं आं आं. ते पाण्याचं की बाथरूमचं हे मी ओळखायचं, आणि चुकले की डाव्या हातानं पलंग बडवायचा त्यांनी. आज दोनदा चुकले.

मग ही आली, दारातूनच ओरडत. "साहेब, उठलासा काय? का अजून फलाटाव गाडीच लागली न्हाई?" हे हसले. तोंडाची डावी बाजू तेवढी हलते, पण हसले. मी तासभर खपत होते तेव्हा भिंतीकडं तोंड होतं.

१४ फेब्रु., शुक्र
मा.ची गाऱ्हाणी इथंच लिहून टाकते, कुणाला सांगायची सोय नाही. (अमोल म्हणतो, "आई, ती गेली तर काय करशील?" पुण्यात बसून एवढंच विचारतो.)
मोबाईल मोठ्यानं लावते. भांड्यांना साबण तसाच राहतो. मशेरी लावून बेसिनमध्ये थुंकते, नंतर पाणी ओतत नाही. बोलते एवढ्या मोठ्यानं की खालच्या मजल्यावरच्यांना आमच्या घरी काय भाजी आहे ते कळतं.
दुसरी बाजूही लिहायला हवी. दाढी छान करते ह्यांची. एक ओरखडा नाही. आणि ठेचा. आज उरलेल्या भाकरीवर तिनं खरड्यासारखा ठेचा वाढला, दाण्याचं कूट जरा जास्त. उभ्यानंच खाल्ला, ओट्यापाशी. किती दिवसांनी जेवणाची चव लागली. तिला सांगितलं नाही, डोक्यावर बसेल.

१९ फेब्रु., बुध
स्पीचवाल्या मॅडम आल्या होत्या. लहान आहे पोरगी, अमोलपेक्षाही. म्हणाली, पाठ असलेलं कधीकधी आपोआप येतं, आकडे, वार, आरती असं. आकडे झाले, वार झाले. काही नाही. मग विचारलं, नोकरी काय होती? मी म्हटलं, स्टँडवर कंट्रोलर. माइकवर गाड्या सांगायचे. जन्म त्यातच गेला.
"मग तुम्ही सुरुवात करून द्या," म्हणाली.
मला लाज वाटत होती. तरी म्हटलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे…"
आणि हे पुढं बोलले! घोगरं, अडखळत, पण त्याच चालीत. "हातकणंगले… कबनूर… इचलकरंजी…" मध्ये थांबले, पुन्हा "कबनूर".
मी रडायलाच लागले. मा. नाचायची बाकी. "आगं बया! माज्या म्हायेराचं नाव घेटलं साहेबानं!" कबनूरचीच ती, भाऊ अजून तिथं यंत्रमागावर कामाला आहे.
मॅडम म्हणाल्या, आता माणसांच्या नावांकडं जाऊ. "तुम्हाला कुठल्या नावानं हाक मारतात?"
"अगं."
"तसं नाही, नाव."
"नावानं नाही मारत."
"कधीच नाही?"
तिनं सहज विचारलं. तिचा नवरा तिला नावानं हाक मारत असेल, ती त्याला मारत असेल, अरे-तुरेही असेल. मा. दाराला टेकून ऐकत होती. मला उगाच कानकोंडं झालं.

२० फेब्रु., गुरु
कालचं डोक्यातून जात नाही.
माहेरी मी नलिनी. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीनं त्यात लिहिलं: अनुराधा. नाव त्यांनी स्वतः निवडलं होतं म्हणे, आत्याबाईंना दुसरंच हवं होतं, तर भांडून. मग ते तांदूळ गोळा केले, आणि नाव गेलं बाकीच्यांच्या ताब्यात. सासूबाई अनुराधा म्हणायच्या, शेजारणी अनुराधाबाई, बँकेत अनुराधा मॅडम. हे मात्र "अगं", "ऐकलंस का", नाहीतर नुसतंच खाकरायचे. मला कधी खटकलं नाही. आमच्यात सगळ्यांचंच तसं. मी तरी कुठं घेते त्यांचं नाव? इतकी वर्षं रोजनिशी लिहिते, इथंसुद्धा "हे".
पण आता शब्द परत यायचे म्हणतात, एकेक करून. जो कधी तोंडात नव्हताच तो परत कुठून येणार?

२४ फेब्रु., सोम
आज शब्द आला.
मी खोबरं किसत होते. आतून स्पष्ट ऐकू आलं. वाटलं टीव्ही. मग मा. ओरडली, "काकू! काकू, या की लवकर! साहेब बोललं!"
गेले. हे तिच्याकडं बघत होते. पुन्हा म्हणाले. "मालन."
ती हसत होती, डोळ्यांत पाणी. "व्हय साहेब, ओ. ओ. मालनच की मी."
अमोलला फोन केला. तो खूष. "रडू नकोस आई, किती चांगली गोष्ट आहे." त्याला वाटलं आनंदानं रडते. इथं खोटं कशाला लिहू, हेवा वाटला. घरकामाच्या बाईचा हेवा. ह्या वयात.

२८ फेब्रु., शुक्र
आता सगळंच मालन. पाणी मालन, दिवा मालन, पाठीला खाज सुटली तरी मालन. मी समोर उभी असले तरी मालन.
मॅडम फोनवर म्हणाल्या, असं होतं काकू, एक शब्द सापडला की तोच सगळ्याला लागतो, त्या बाईंशी त्याचा काही संबंध नाही. मनाला लावून घेऊ नका.
बरं, म्हटलं.

५ मार्च, बुध
मा.चे रोजे सुरू आहेत. दिवसभर तोंडात पाणी नाही, तरी ह्यांना पेज भरवते. मीठ चाखता येत नाही म्हणून वाटी घेऊन माझ्याकडं येते. "बघा की काकू, खारट न्हाई न्हवं?" दुपारनंतर आवाज बसतो तिचा. मोबाईलही बंद. घर एकदम शांत.
एवढी शांतता मलाच नको झाली. संध्याकाळी लवकर जाते, जाताना खजूर दिले पिशवीत. तिनं एक काढून माझ्या हातावर ठेवला. "तुमीबी खावा. तुमचा तर बाराई म्हैनं रोजा चाललाय." आगाऊ आहे. खाल्ला.

११ मार्च, मंगळ
एक सुचलं. नाव एकदाच घेतलं होतं ह्यांनी. लग्नात, घास भरवताना. नणंदांनी अडवून धरलं, उखाणा घेतल्याशिवाय सोडणार नाही. तेव्हा नुकते नोकरीला लागले होते. कान लाल झालेले. सगळ्यांसमोर माइकवर सांगतात तसं एका दमात म्हणाले,
"स्टँडवर गाडी लागली, फलाटावर झाली दाटी,
अनुराधा आली घरात, बदला दारावरची पाटी."
मांडव हसला होता नुसता.
पाठ असलेलं आपोआप येतं ना? मग हे यायला हवं. एकदाच म्हटलेलं पाठ असतं का, कोण जाणे. दुपारी जवळ बसले. केस विंचरले होते, ती निळी साडी नेसले. हो, नेसले. हात हातात घेतला आणि म्हटलं, "स्टँडवर गाडी लागली, फलाटावर झाली…"
ओठ हलले. "दा… टी."
मी थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, नीट बघितलं, आणि म्हणाले,
"मालन."
दारात मा. होती. तिला हसू फुटलं, लगेच तोंडावर हात घेतला. वाईट हेतूनं नाही हसली, मला माहीत आहे. तरी मी पलंगापाशी ठेवलेली वाटी आपटली आणि तिला फरशी पुसायला लावली. सकाळीच पुसलेली होती.

१४ मार्च, शुक्र
बाहेर पोरांची धुळवड. खिडक्या लावून घेतल्या.
मॅडमनी मागेच सांगितलं होतं, मागितलं की लगेच देऊ नका, थोडं थांबा, शब्द यायला जागा द्या. मी त्यावर विचार केला. मालन म्हटलं की मालन येते, मग दुसरा शब्द कशाला काढतील ते?
मा.ला सांगितलं. आजपासून ह्यांनी "मालन" म्हटलं तर ओ द्यायची नाही. जायचं नाही. तुझं नाव ह्या घरात घ्यायचं नाही. माझं नाव त्यांच्या कानावर पडू दे. रोज मी म्हणणार, तूही म्हणायचं: अनुराधाकाकू.
ती बघतच राहिली. "माणसानं हाक मारल्याव ओ द्यायची न्हाई? आसं कुठं आसतंय व्हय काकू?"
"डॉक्टरी आहे हे. तुला नाही कळायचं."
"कितींदा हाक मारल्याव जायाचं मग?"
"जायचंच नाही. मी बघते."

१७ मार्च, सोम
पहिल्या दिवशी सतत हाका. काल दुपारी माइकवरच्या चालीत, "मालन… मालन… मालन…" गाडी सुटायच्या आधी पुकारायचे तशी. मी म्हणते, "अनुराधा. म्हणा. अ-नु-रा-धा." ते तोंड फिरवतात.
मा. स्वयंपाकघरात स्टुलावर बसते, पदर कानाशी धरून. माझ्याशी बोलत नाही. रोज्यानं ओठ सुकलेले. ह्यांनी माझ्या हातून पेज घेतली नाही. थुंकले.
मॅडमना फोन करून विचारावं असं वाटलं. नाही केला. नको म्हणाल्या असत्या.

१८ मार्च, मंगळ
आज हाका कमी. उपाय लागू पडतोय बहुतेक.

२० मार्च, गुरु
हे पडले.
मी गॅलरीत कपड्यांच्या घड्या घालत होते. मा. ओट्यापाशी. आतून "मालन". पुन्हा "मालन". आवाज वेगळा होता, घाईचा. आता कळतं. तेव्हा नाही कळलं, की कळलं होतं…
मा. उठली. मी खिडकीतून म्हटलं, "बस." ती बसली. पुन्हा हाक. ती पुन्हा उठली. "काकू, बाथरूमची हाक हाय ती." मी म्हटलं, "मालन, बस म्हटलं ना."
मी स्वतःच घेतलं तिचं नाव. मोठ्यानं. त्यांना ऐकू गेलं असणार. त्यांना वाटलं असणार, ती आहे, घरातच आहे, आणि येत नाही. मग आवाज झाला.
स्वतःहून उतरायला गेले. डावा हात मनगटात मोडला. चांगला होता तो हात. कपाळावर टाके.
दवाखान्यात डॉक्टरनी विचारलं, "पडले कसे? जवळ कुणी नव्हतं?"
मी म्हटलं, "बाई जरा आत गेली होती."
बाई माझ्या मागंच उभी होती, ह्यांच्या चपला हातात घेऊन.

२२ मार्च, शनि
अमोल आला. ह्यांना बघून बाहेर जाऊन उभा राहिला थोडा वेळ. मग सरळ स्वयंपाकघरात, मा.च्या समोर.
"लक्ष कुठं असतं तुझं? मोबाईलमध्ये? एक माणूस सांभाळायचं होतं तुला."
मी तिथंच भात कुस्करत होते. सगळं ऐकू येत होतं. सांगायचं ओठांवर आलं होतं, अगदी आलं होतं.
मा. म्हणाली, "दादा, तुमच्या आईस्नी इचारा."
तो वळून माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "जाऊ दे रे आता. झालं ते झालं."
एवढंच बोलले मी.
मा.नं हात धुतले. खिडकीतला तिचा कप घेतला. तो कप वेगळा असायचा, मीच ठेवलेला, पहिल्या दिवसापासून. पिशवीत घातला. ह्यांच्या खोलीत गेली नाही. जिन्यापर्यंत मी मागं गेले. ती म्हणाली, हळू आवाजात, तिला हळू बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं:
"म्या ओ दिली आसती तर साहेब पडलं नसतं. तुमाला म्हाईत हाय ते."
अमोल म्हणाला, गेली ते बरं झालं. ब्युरोतून चांगली बाई बघू.

३० मार्च, रवि. पाडवा
गुढी उभारली, काठीला गडू नीट बसेना. ह्यांचा हात प्लास्टरमध्ये, दुसरा आधीच गेलेला. आता पलंगही बडवता येत नाही. श्रीखंड चमच्यानं ओठांना लावलं. गालावरून ओघळलं.
ब्युरोची बाई गुरुवारी आली होती, शनिवारी येईनाशी झाली. ह्यांना "पेशंट" म्हणायची. पेशंटनं खाल्लं का, पेशंटचं झालं का.
उद्या ईद. गेल्या ईदला मा. आमच्याकडं नव्हती, म्हणजे तिच्याकडून शीरखुर्मा यायची सवय असंही नव्हती. तरी उद्या ती येईल का, हे मनात येतंच.

३१ मार्च, सोम
दुपारी बेल वाजली. धावत गेले. गॅसवाला.

८ एप्रिल, मंगळ
पडल्यापासून हे एक शब्द बोललेले नाहीत. मालनसुद्धा नाही. माइकवरची गावंही नाहीत. मॅडम येऊन गेल्या. म्हणाल्या, धसका घेतला असेल, कधीकधी जे आलेलं असतं तेही जातं. पुन्हा येईल का? सांगता येत नाही. "एवढी प्रगती होती, मध्येच काय झालं?" मी म्हटलं, पडले.
मी एकटीच सगळं करते. कमरेला पट्टा. कुशीवर वळवताना आज दोघंही कळवळलो. नाव विसरायला लावायचं होतं ना मला? विसरले. आता नावच नाही कुणाचं ह्या घरात. रागानं लिहिते आहे, राग माझाच मला आलाय.
उखाणा म्हणून बघितला. पंख्याकडं बघत राहिले.

१६ एप्रिल, बुध
भाजीवालीकडून कळलं. मा. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कुठल्याशा कंपनीच्या कँटीनला लागली. पोळ्या लाटते. कंपनीची गाडी न्यायला येते. "झाक चाललंय की तिचं," म्हणाली. चांगलं आहे.
तिथं उशिरा गेली तर काय सांगत असेल? साप?

१९ एप्रिल, शनि
ह्यांनी दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. नळी घालावी लागेल असं डॉक्टर म्हणाले. पेजेची वाटी घेऊन दारात उभी होते. काय सुचलं कोण जाणे. पदर खोचला आणि तिच्यासारखी ओरडले, खालच्या मजल्यापर्यंत जाईल एवढ्यानं:
"साहेब, उठलासा काय? का अजून फलाटाव गाडीच लागली न्हाई?"
डोळे उघडले. मान वळली. बघितलं माझ्याकडं, बराच वेळ. मग, घोगरं,
"मालन."
मी उभी.
"ओ," म्हटलं. "ओ साहेब. आले."
सगळी वाटी संपवली. दुसरी मागितली. म्हणजे तोच शब्द, पण वाटीकडं बघून. भांडी घासताना पोटभर रडले. साबण आज माझ्याही हातून राहिला असणार.

२ मे, शुक्र
खातात आता. सकाळी दारातून ओरडते, मग सगळं सुरळीत. दाढी मी करते, ओरखडे उठतात. "आसूं दे की साहेब, वाघाला शोभतंय." हसतात. मी बँकेत नोकरीला असताना असं बोलले असते तर मॅनेजरनी घरी पाठवलं असतं.
अमोलनं व्हिडिओवर ऐकलं. "आई, बाबा तुला मालन म्हणतायत?" मी म्हटलं, सवय लागली. तो हसला. सांगायला जागा होती तिथं. पुढचं बोलून फोन ठेवला.
एक लिहून ठेवते. लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या घरात नवऱ्यानं मला नावानं हाक मारली नव्हती. आता दिवसभर मारतात. नाव दुसरीचं आहे. तरी हाक आली की मी हातातलं टाकून जाते, आणि बरं वाटतं. लाज वाटते तेवढंच बरंही वाटतं.
प्लास्टर काढलं. मनगट वळत नाही.

११ मे, रवि
मा. आली होती.
बेल वाजली, दारात ही, हातात आंब्यांची पिशवी. वाळली आहे. "साहेबास्नी बघून जातो, लगीच जातो," म्हणाली. चपला बाहेर काढल्या, ओळीत लावल्या. आधी कधी लावत नव्हती.
मी बाजूला झाले. ती खोलीत गेली, पलंगाशी वाकली. "साहेब! वळखलासा काय?"
हे बघत राहिले. कुणीतरी पाहुणी आली आहे असं.
"आवो मी. मालन की वो."
ह्यांच्या कपाळाला आठी पडली. मान हलवली, नाही. मग माझ्याकडं वळले, त्या न वळणाऱ्या हातानं माझ्याकडं दाखवायचा प्रयत्न केला, आणि तिला समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "मालन."
जमीन फाटावी म्हणतात तसं झालं मला. तिनं पदरानं तोंड पुसलं. "आसूं दे. चांगलं हाईत न्हवं? खात्यात न्हवं?"
चहा केला. तिचा कप नव्हता. आमच्यातला काढला, आम्ही पितो त्यातला. तिनं कप बघितला, मग प्याली.
म्हणाली, कँटीनला दिवसभर उभं राहून पाय सुजतात. माझ्या कमरेच्या पट्ट्याकडंही तिचं लक्ष होतं. "तुमाला एकटीला व्हायाचं न्हाई काकू हे. साहेब परत पडलं तर उचलायला तरी कुणी पायजे."
मी म्हटलं, "येशील परत?"
"येतो की. खरं अमोलदादास्नी सांगा एकदा काय झालतं ते. माज्या अंगाव घातलंय तुमी. आमच्या गल्लीत म्हाईत झालंय, मी म्हाताऱ्याला पाडला म्हणून. तेवढं सांगा, मी दुसऱ्या दिवशी येतो. उशीर करनार न्हाई."
शेवटचं म्हणताना थोडी हसली.
मी म्हटलं, सांगते. आज रात्रीच करते फोन.
आंबे चांगले आहेत. ह्यांनी अर्धा खाल्ला.

१२ मे, सोम
काल फोन केला नाही. पाहुणे असतील, दमला असेल, रविवार.
आज सकाळी ह्यांना उठवताना कमरेतून कळ गेली ती पायापर्यंत. पलंगाची कड धरून उभी राहिले. हे माझ्या खांद्यावर लोंबत होते, मी घसरले असते तर दोघंही खाली. मा. म्हणते ते खरं आहे. ती यायला हवी. त्यांच्यासाठी यायला हवी.
ती आली की दारातून ती ओरडणार. महिनाभरात ओळखतील तिला, आवाज ओळखतीलच. मग मालन म्हटलं की ती ओ देणार. मी कोण होणार मग? अगं-सुद्धा राहिलेलं नाही आता. अमोलला सगळं सांगायचं, आणि सांगून मिळणार ते हे.
दुपारी फोन घेतला हातात. अमोलचा नंबर काढला. रिंग जायला लागली.
आतून हाक आली. "मालन."
तिकडं अमोल, "हां आई, बोल."
पुन्हा, "मालन." घाईची नव्हती. नुसतीच.
"नंतर करते," म्हटलं, आणि फोन ओट्यावर ठेवला.
"ओ. आले."